पहाटे चारचा मेसेज आणि ओलिताची रात्र

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: पहाटे चारला उठा, यशस्वी माणसाला सहा तास झोप पुरते, राहिलेली रविवारी भरून काढा, दुपारी झोपतो तो आळशी. रब्बीत आमच्या वऱ्हाडातले कितीतरी जण त्या पहाटे चारला हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलत असतात. त्यांच्यासाठी हा सल्ला घातक आहे.

आधी सहा तासांचं. प्रौढांनी रोज सात तास तरी झोपावं, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनांनी 2015 मध्ये सांगितलं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी माणसांना सलग 14 दिवस रोज सहाच तास अंथरूण मिळालं. शेवटी त्यांचं लक्ष अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतकं ढळत होतं, आणि त्यांना स्वतःला मात्र ते फारसं जाणवत नव्हतं. ‘मला सवय झाली’ म्हणणाराच ओल्या हातानं पंपाच्या स्टार्टरला हात लावतो, फवारणीचं औषध चुकीचं मोजतो.

पहाटे चारला स्वतःचं असं काही बळ नाही. नऊला झोपलेल्यानं खुशाल उठावं. पण शेतीची लाईन, म्हणजे पंपाची वीज, पाळीपाळीनं कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रपाळीच्या दिवसांत शेजारच्या वावरवाल्याशी पाळी बांधा: अर्धी रात्र त्यानं दोघांचे पाइप पाहावेत, अर्धी तुम्ही. पहाटेच्या पाळीचा माणूस जेवून आठलाच आडवा होईल. पहिल्या पाळीचा दोनला घरी येऊन आठपर्यंत झोपेल, उरलेली झोप दुपारी घेईल. त्याला पाचला कुणी हाक मारू नये, खोलीत अंधार ठेवावा. मध्यरात्रीनंतरचा चहाही टाळावा, कारण त्याचा अंमल चार-पाच तासांनीही निम्मा उरतो.

आणि बाई? तिला हा मेसेज विसरूनच गेलाय. ती पाचच्या आत उठते, डबे करून वेचणीला जाते, रात्री भांडी घासून अकराला पाठ टेकते. तिला आणखी लवकर उठायला सांगणं हा अन्याय आहे. तिचं वेळापत्रक तिच्या एकटीच्या जिद्दीनं बदलणार नाही. रात्रीची भांडी आणि पाणी घरातल्या दुसऱ्या कुणी उचललं, तर ती दहाला झोपू शकते.

रविवारचं थोडक्यात: वावराला रविवार नसतो, आणि आठवडाभराची तूट एका दिवसात पुरती भरतही नाही.

दुपारच्या झोपेला आळस म्हणणाऱ्यांनी अकोल्यात मे महिना काढावा. पारा 45 अंशांच्या आसपास, काम तसंही थांबलेलं, रात्री भिंती तापलेल्या. नासाच्या अभ्यासात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात सरासरी 26 मिनिटांची डुलकी मिळाली आणि ते अधिक सावध राहिले. रात्री नीट झोपलेल्याला अर्धा तास पुरे, तोही तीनच्या आत. ओलितावरून आलेल्यानं मात्र दीड तास बाजेवर पडावं, घरच्यांनी दार लोटून घ्यावं.