‘गिफ्ट’ म्हणजे विष: घरच्या ग्रुपवर आलेल्या एका फॉरवर्डला उत्तर

रविवारी ताईने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘अगं, हे खरं असेल तर क्लासचा पुढचा हप्ता कशाला भरायचा?’ क्लास माझ्या भाचीचा. ती नर्स आहे, जर्मनीला कामाला जायचंय, जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा तोंडावर आली आहे. मी गेली कित्येक वर्षं जर्मन शिकवते. असले फॉरवर्ड मी एरवी न वाचता पुसते, पण हा घरात शिरलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

फॉरवर्डचं म्हणणं असं: युरोपातल्या सगळ्या भाषा लॅटिनच्या लेकी आणि लॅटिन संस्कृतची लेक. म्हणून एका भाषेतलं स्पेलिंग दुसरीत दिसलं की शब्द तोच, अर्थ तोच. इंग्रजी येत असेल तर जर्मन आणि फ्रेंच आलीच म्हणून समजा. पुरावा म्हणून हँड, विंटर, नेम, गिफ्ट अशी यादी, वर ‘दिन म्हणजे डे, बद म्हणजे बॅड’, आणि शेवटी ‘क्लासवाले लुटतात’.

या यादीत ‘गिफ्ट’ घालणाऱ्याने जर्मन शब्दकोश एकदाही उघडलेला नाही. जी-आय-एफ-टी या चार अक्षरांचा जर्मन अर्थ विष. जुन्या बाटल्यांवर कवटीचं चित्र असायचं, त्याच्याशेजारी हाच शब्द असायचा. विषबाधा झाली की जिथे फोन करायचा त्या सेवेला ‘गिफ्टनोटरूफ’ म्हणतात. गिफ्ट म्हणजे विष, नोट म्हणजे संकट, रूफ म्हणजे हाक. यातल्या ‘नोट’चं स्पेलिंग एन-ओ-टी, म्हणजे इंग्रजीतला ‘नॉट’. फॉरवर्डच्या हिशेबाने वाचलं तर ‘भेट’ आणि ‘नाही’ हाती लागतं. दवाखान्यातला ‘नोटआउफनामं’ हा तातडीचा विभाग, आणि आग लागली की ज्या दाराने पळायचं त्यावर ‘नोटआउसगांग’ लिहिलेलं असतं. तिथे ‘नॉट’ वाचून माणूस उलट्या दिशेला गेला तर?

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती एका साध्या शब्दाची. एफ-ए-एस-टी. जर्मनमध्ये ‘फास्ट’ म्हणजे जवळजवळ. सोबतची नर्स सांगते, ‘इन्फुझिओन इस्ट फास्ट लेअर’, म्हणजे सलाईन जवळजवळ संपलंय, बाटली बदल. फॉरवर्ड वाचून शिकलेल्या मुलीला ऐकू येणार, सलाईन फास्ट चाललंय. ती काय करेल? वेग कमी करेल. डी-ओ-एस-ई म्हणजे डोस नव्हे, ‘डोझं’, डबा. औषधाच्या डोसला ‘डोझिस’ म्हणतात. आणि ‘शेफआर्ट्स्ट’मधला शेफ स्वयंपाकघरात नसतो, तो विभागप्रमुख डॉक्टर असतो. हे सगळं ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती गप्प झाली.

आता एक गोष्ट मान्य करावी लागते. इंग्रजी आणि जर्मन या सख्ख्या नात्यातल्या भाषा आहेत. हँड, विंटर, नेम यांची स्पेलिंगं दोन्हीकडे तीच, अर्थही तेच. इंग्रजी येणाऱ्याला जर्मन शिकताना याचा फायदा होतो, मी वर्गात रोज करून घेते. गंमत म्हणजे ‘गिफ्ट’ही मुळात एकच शब्द आहे. फ्रीड्रिख क्लूगं यांचा जर्मन व्युत्पत्तिकोश १८८३ साली निघाला आणि सुधारत सुधारत आजही छापला जातो. माझा सगळा भरवसा त्याच्यावर. त्यात या शब्दाची हकीकत आहे. मूळ अर्थ ‘दिलेली गोष्ट’. ग्रीक-लॅटिन ‘डोसिस’ म्हणजेही देणं, त्यावरून औषधाची मात्रा. त्याच धर्तीवर जर्मनमध्ये विषाला नाव न घेता ‘दिलेलं’ म्हणू लागले आणि पुढे तोच मुख्य अर्थ झाला. जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’मध्ये उरलाय: लग्नात मुलीसोबत दिलेलं, हुंडा. म्हणजे मूळ एक निघालं तरी अर्थाची हमी मिळत नाही.

आणि बऱ्याचदा मूळही एक नसतं. आर-ए-टी हा इंग्रजीत उंदीर, जर्मनमध्ये ‘राट’ म्हणजे सल्ला किंवा सभा. नगरपालिकेची इमारत ती ‘राटहाउस’. इटालियनमध्ये ‘बुर्रो’ लोणी, स्पॅनिशमध्ये गाढव, अक्षरं तंतोतंत तीच. या तर खरोखर लॅटिनच्या लेकी, तरी लोण्याचा शब्द लॅटिन ‘बुटीरुम’वरून आला आणि गाढवाचा ‘बुर्रिकुस’वरून. फ्रेंचमध्ये पी-ए-आय-एन म्हणजे ब्रेड, लॅटिन ‘पानिस’वरून. इंग्रजीतलं ‘पेन’ हे दुखणं लॅटिन ‘पोएना’वरून, म्हणजे शिक्षा. त्या फ्रेंच ब्रेडचं खरं भावंड आपल्या घरात आहे: पोर्तुगिजांकडून आलेला पाव. स्पेलिंग पाहून हे नातं कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मराठीत पीठ म्हणजे दळलेलं धान्य, ‘पिष्ट’वरून. हिंदीत पीठ म्हणजे पाठ, ‘पृष्ठ’वरून. संस्कृतातलं पीठ म्हणजे आसन, ज्यावरून शारदापीठ. लिपी एक, अक्षरं तीच, शब्द तीन. हिंदी येते म्हणून ‘पीठ में दर्द’चा अर्थ पिठात दुखतंय असा कुणी करतं का? युरोपातल्या बऱ्याच भाषांची रोमन लिपी एक आहे, एवढ्यावरून शब्द एक होत नाहीत.

‘सगळं लॅटिनमधून, लॅटिन संस्कृतातून’ हे साफ चूक आहे. जर्मन आणि इंग्रजी लॅटिनच्या लेकी नाहीत, आणि लॅटिन संस्कृतची लेक नाही. त्या एका जुन्या भाषेच्या वेगवेगळ्या शाखा आहेत. १७८६ साली कोलकात्यात तिथले न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी हेच मांडलं होतं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं उगमस्थान एक, आणि ती भाषा कदाचित आता उरलेलीही नसेल. पुढे १८२२ मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिम यांनी वर्ण कसे नियमाने बदलले ते दाखवलं. लॅटिनमध्ये जिथे ‘क’, तिथे जर्मन कुळात ‘ह’ येतो: ‘कोर्नू’चं ‘हॉर्न’, ‘केंटुम’चं ‘हंड्रेड’. म्हणून जर्मन ‘हाबेन’ आणि लॅटिन ‘हाबेरे’, दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणं’, दिसायला जुळे, तरी नातेवाईक नाहीत. ‘हाबेन’चं नातं आहे लॅटिन ‘कापेरे’शी, म्हणजे पकडणं.

याच नियमाने ‘दिन’ आणि ‘डे’चाही निकाल लागतो. संस्कृतात जिथे ‘द’, तिथे इंग्रजीत ‘ट’ येतो: दश आणि टेन, दंत आणि टूथ. ‘दिन’चं भावंड इंग्रजीत असतं तर ते ‘ट’ने सुरू झालं असतं, ‘ड’ने नाही. ‘दिन’च्या घराण्यातला ‘देव’ मात्र इंग्रजीत खरंच आहे: ‘ट्यूजडे’मधला ‘ट्यू’, म्हणजे तीव हा जुना देव. त्या एका शब्दाचा पहिला भाग ‘दिन’चा नातेवाईक आणि दुसरा नाही. एवढी सुंदर गोष्ट हे फॉरवर्ड लिहिणारे एका बरोबरच्या चिन्हात संपवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ‘बद’ आणि ‘बॅड’ निव्वळ योगायोग. ‘बद’ फारसी आहे, आणि पहलवीत, म्हणजे फारसीच्या जुन्या रूपात, तो शब्द ‘वद’ होता.

राहता राहिला क्लासचा मुद्दा. काही क्लास अवाच्या सवा पैसे घेतात, हे खरं आहे. पैसे जड जात असतील तर क्लास बदला, किंवा डॉइच वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचे मोफत धडे आहेत, तेही चांगले आहेत. पण शिकणं सोडून या फॉरवर्डच्या भरवशावर परीक्षेला बसू नका. भाचीला मी सारख्या स्पेलिंगच्या शब्दांची वेगळी वही करायला सांगितली आहे. काल रात्री तिने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. सगळ्यात वर ‘फास्ट’ लिहिलाय, लाल शाईत.