कातड्याचा कागद, म्हणे!

भाचीला शनिवारी शाळेत १८५७ वर चार मिनिटं बोलायचंय. पाठ केलेलं भाषण तिने मला फोनवर म्हणून दाखवलं आणि दुसऱ्याच वाक्याला मी तिला थांबवलं. ‘इंग्रजांनी काडतुसांसाठी गाईच्या कातड्यापासून बनवलेला कागद वापरला, म्हणूनच तो चकाकत असे.’ कुठून आणलंस हे? ‘बाबांनी ग्रुपवर टाकलं होतं, मावशी.’

भाऊजींनी टाकलेलं ते पत्रक मग मीही वाचलं. ‘शाळेत न शिकवलेलं सत्य’ असं वर ठळक अक्षरात. खाली दातांत शिशाची गोळी धरलेल्या शिपायाचं चित्र. मजकूर थोडक्यात असा: कागद कातड्याचा होता, गोळी दातांनी तोडावी लागे, अशी काडतुसं सगळ्या पलटणींना वाटली, मंगल पांडे यांनी ती नाकारली म्हणून बंड झालं, आणि हे सगळं धर्म बुडवण्यासाठी मुद्दाम रचलेलं होतं. आठवडाभरात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला हे आलं. एरवी मी सोडून दिलं असतं. पण मोडी दफ्तरं आणि पोथ्या दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. कागदाबद्दल कोणी काहीही बोललं की मला राहवत नाही.

आधी दाताचं बघू, म्हणजे कागदाचं काम काय होतं ते कळेल. ज्या नव्या बंदुकीच्या काडतुसांवरून हे सगळं झालं ती एन्फिल्ड, ही ठासणीची बंदूक. सगळं नळीच्या तोंडातून आत जायचं. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी, एका टोकाला बंदुकीची दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. शिपायाने दारूकडचं टोक दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करायची, गोळी कागदासकट नळीच्या तोंडात बसवायची, वरचा रिकामा कागद तोडून टाकायचा आणि गजाने ठासायचं. वंगण लागे ते गोळीकडच्या टोकाला, कागदाच्या बाहेरून. म्हणजे शिसं कोणी चावत नव्हतं आणि दात लागायचा तो वंगण नसलेल्या टोकाला. सुरळी हातात फिरणार, उन्हात वंगण पाझरणार, तेच बोट ओठाला लागणार, ही शिपायांची धास्ती मात्र रास्त होती. मार्च १८५७ मध्ये सरकारने कवायत बदलून दाताऐवजी बोटांनी फाडायची मुभा दिली, पण तोवर उशीर झाला होता.

आता कातडं. एन्फिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि तेव्हाच्या गोळीचा ०.५६८. फरक ०.००९ इंचाचा, म्हणजे गोळीच्या एकेका बाजूला उरते साधारण ०.११ मिलिमीटर. घरातल्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी जवळपास तेवढीच असते. या फटीत कागदाचा वेढा आणि त्यावरचं वंगण दोन्ही बसवायचं. शिवाय गोळी बाहेरून गुळगुळीत, वंगण धरून ठेवायला तिच्यावर खाचाच नव्हत्या, त्यामुळे वंगण वाहून न्यायचं ते कागदानेच. म्हणून कागद हवा पातळ, सगळीकडे एकसारख्या जाडीचा आणि पीळ देताना न फाटणारा. कातडं कितीही तासलं तरी लाखो काडतुसांना पुरेल इतकं एकसारखं कुठून मिळणार? त्यात बंगालची दमट हवा. तिथे कातडं फुगून बसलं असतं आणि गोळी नळीत अर्ध्यावर अडकली असती. जनावरांबद्दलची कळकळ बाजूला ठेवली तरी, ज्याला ती बंदूक उडवायचीय तो असला उद्योग करणार नाही.

मग तो कागद होता कशाचा? याचं उत्तर शिपायांनीच देऊन ठेवलंय, आणि या पत्रकाचा मला राग येतो तो त्यासाठीच. ६ फेब्रुवारी १८५७ ला कलकत्त्याजवळच्या बराकपूरच्या छावणीत या कागदाबद्दल चौकशी बसली. तिथल्या जबान्या इतिहासकार जॉर्ज फॉरेस्टने १८९३ मध्ये छापलेल्या लष्करी कागदपत्रांच्या पहिल्या खंडात आहेत. ज्याला ‘सत्य’ पाठवायचंय त्याने ती मोजकी पानं वाचावीत. बैजनाथ पांडे नावाच्या शिपायाला विचारलं, तुझी हरकत कशाला? तो म्हणाला, कागदाला. हा नव्या तऱ्हेचा आहे, असा आधी पाहिला नाही. उजेडात धरून नीट बघ म्हटल्यावर त्याने सांगितलं की हा ताठ आहे आणि फाडताना कापडासारखा लागतो.

फाडताना कापडासारखा! हे वाचून मी खुर्चीतून उठले होते. त्या काळात इंग्लंडात कागद बनायचा तो लिननच्या आणि सुती चिंध्यांचाच. लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास झाला तो नंतर. चिंध्यांच्या कागदाचा तंतू लांब असतो, फाडताना तो चटकन तुटत नाही, ओढत ओढत जातो. तो शिपाई बोटांनी जे ओळखत होता ते शंभर टक्के बरोबर होतं. त्याच्या हातात खरोखरच कापड होतं, कुटून ताव केलेलं.

दुसऱ्या एकाने कागद पाण्यात बुडवून मग जाळला, तर चरचर आवाज आला आणि चरबीसारखा वास आला, असं सांगितलं. चौकशीत सगळ्यांसमोर कागद जाळला तेव्हा चाँद खाँ या शिपायाने मान्य केलं की आपल्याला चरबीचा वास येत नाही. तरी त्याची हरकत कायम राहिली, कारण कागद मेणकापडासारखा चमकतो आणि सगळे त्यावर नाराज आहेत. पाण्यात बुडवा, जाळा, वास घ्या, फाडून बघा. कागद तपासायच्या या खऱ्या रीती आहेत, मी आजही यातल्या काही वापरते. असल्या माणसांच्या तोंडी ‘गाईचं कातडं’ कोंबणं हा त्यांचा अपमान आहे.

चकाकी म्हणाल तर आपल्या पोथ्या बघा. जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद खळ लावून, दगडाने घोटून चकचकीत करत. घोटीव कागद हा शब्दच त्यावरून आला. त्या पोथ्यांमध्ये कोणी कातडं शोधत नाही. काडतुसांचा आधीचा कागद यायचा श्रीरामपूरहून (बंगालमधल्या, आपल्या नगरच्या नव्हे), आणि नवा आला विलायतेहून. नजरेला आणि हाताला फरक जाणवला, एवढंच.

इथे एक गोष्ट मात्र मला नाइलाजाने कबूल करावी लागते. आपल्याकडे खळ असायची पिठाची. विलायतेत त्या काळी चांगल्या कागदाला बहुतेकदा जिलेटिनची खळ देत, आणि जिलेटिन निघतं जनावरांच्या कातडीच्या तुकड्यांपासून. त्याने कागद ताठ होतो आणि जिलेटिन जळताना केस जळल्यासारखा वास येतो. सरकारी रासायनिक परीक्षकाने कळवलं की कागदाला तेलकट काही लावलेलं नाही. पण त्याला प्रश्न चरबीचा विचारला होता, खळीचा नाही. तेव्हा पत्रकवाल्यांना हवं तर एवढं घेऊ द्या. त्यासाठी अख्खा कागद कातड्याचा होत नाही.

वंगणाचं म्हणाल तर तिथे मी इंग्रजांची बाजू घेणार नाही. कलकत्त्याच्या आर्सेनलमध्ये, म्हणजे सरकारी शस्त्रागारात, चरबी कंत्राटदाराकडून यायची आणि ती कुठल्या जनावराची हे नीट पाहिलं जात नव्हतं, हे दारूगोळा खात्याच्या प्रमुखालाच मान्य करावं लागलं. पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झालेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने तर फॉरेस्टच्याच कागदपत्रांच्या आधारे लिहिलंय की वंगणात गाईची आणि डुकराची चरबी होती. डिसेंबर १८५३ मध्येच बंगाल लष्करातला बडा अधिकारी कर्नल टकर याने वंगणाची खात्री झाल्याशिवाय देशी पलटणींना ही काडतुसं देऊ नका असं बजावलं होतं. कोणी ऐकलं नाही. याला बेपर्वाई म्हणा, मग्रुरी म्हणा, माझी हरकत नाही. पण ‘मुद्दाम रचलेला कट’ म्हणायचं तर एक अडचण आहे: बोभाटा झाल्यावर २७ जानेवारीलाच सरकारने हुकूम काढला की काडतुसं वंगणाशिवाय द्या, शिपाई आपल्याला चालेल ते लावतील. कट करणारा पहिल्या आठवड्यात माघार घेत नाही.

‘सगळ्या पलटणींना वाटली’ हे तर साफ चूक. एन्फिल्डचं शिक्षण डमडम, अंबाला आणि सियालकोट या तीनच ठिकाणी सुरू झालं होतं. २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने नाकारली ती जुन्या बंदुकीची, गोळी नसलेली काडतुसं. तिथेही शिपायांच्या डोळ्यांत भरलं ते हेच, की साठ्यात दोन तऱ्हेच्या कागदाची काडतुसं होती. पुन्हा कागदच! २४ एप्रिलला मेरठच्या ८५ घोडेस्वारांनी हात लावला नाही तीही जुन्या धाटणीचीच होती. आणि २९ मार्चला बराकपूरच्या मैदानात मंगल पांडे उतरले तेव्हा त्यांना कोणी एन्फिल्डचं काडतूस चावायला दिलेलं नव्हतं. त्यांच्या हातात नेहमीची जुनी बंदूक होती.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. मग चिंध्यांच्या जुन्या कागदाची एक पट्टी पाकिटातून पाठवून दिली, फाडून बघ म्हणाले. काल तिचा फोन आला. ‘कातडं’ खोडून तिने ‘कापडासारखा’ लिहिलंय. मंगल पांडे आणि काडतुसाचं वाक्य मात्र तसंच आहे, बाईंनी स्वतः लिहून दिलंय म्हणे.