1951 चे डॉन्स: नऊ सामने, नऊ विजय आणि एक नकार

"खेळात राजकारण आणू नका." आज सकाळपासून हे वाक्य जिकडेतिकडे दिसतंय, आणि लिहिणारे बहुतेक आपलेच मित्र आहेत. म्हणून हे लिहितोय. खेळात राजकारण कोण आणतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे बघायचं असेल तर युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचा 1951 चा फुटबॉल हंगाम बघा. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, अंडाकृती चेंडूचा.

जेझुइट पाद्र्यांचं छोटं कॉलेज. संघाचं नाव डॉन्स, मैदान केझार स्टेडियम, प्रशिक्षक ज्यो कुहारिक. नऊ सामने खेळले, नऊही जिंकले. सॅन होजे स्टेटला 39-2 आणि पुन्हा 42-7, सांता क्लाराला 26-7, कॉलेज ऑफ द पॅसिफिकला 47-14, शेवटी लॉयोलाला 20-2. अटीतटीचा म्हणावा असा एकच, न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमशी खेळलेला, 32-26. तिथे डॉन्सच्या ऑली मॅटसनने किक-ऑफचा, म्हणजे समोरच्या संघाने लाथाडून पाठवलेला, चेंडू झेलून दोनदा जवळपास अख्खं मैदान पार केलं आणि दोन्ही वेळा टचडाऊन केला, म्हणजे चेंडू थेट समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवले. समोरून अकरा जण पूर्ण वेगाने अंगावर येत असताना एकदा हे जमणंसुद्धा दुर्मीळ असतं.

मॅटसनचे आकडे नीट वाचा. नऊ सामन्यांत चेंडू घेऊन धावत 1,566 यार्ड, देशात सर्वाधिक. म्हणजे सामन्यामागे 174. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. त्या हिशेबाने 174 यार्ड म्हणजे एकट्या माणसाने संघाला सतरा वेळा नवं जीवदान देण्याइतकं अंतर. शिवाय 21 टचडाऊन. एवढं करून हाइझमन ट्रॉफीच्या, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात तो नववा! ट्रॉफी प्रिन्स्टनच्या डिक काझमायरला मिळाली. काझमायर चांगला खेळाडू होता, मान्य. पण नववा?

बचावात बर्ल टोलर होता, लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीच्या मागे उभा राहणारा. संघात कृष्णवर्णीय खेळाडू दोनच, मॅटसन आणि टोलर.

आता बाउल सामन्यांची पद्धत समजून घ्या, कारण सगळा खेळ तिथे झाला. तेव्हा प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणारे बाद फेरीचे सामने, नव्हते. नियमित हंगाम संपला की नववर्षाच्या आसपास ऑरेंज बाउल, शुगर बाउल, गेटर बाउल असे मोठे सामने व्हायचे. त्यात कोण खेळणार हे गुणतालिका ठरवायची नाही, त्या-त्या शहरातल्या प्रतिष्ठितांची समिती आमंत्रण धाडून ठरवायची. मायामी, न्यू ऑर्लिन्स, जॅक्सनव्हिल ही तिन्ही शहरं दक्षिणेतली, वर्णभेद कायद्याने चालणारी. दक्षिणेतल्या संघांशी खेळायचं तर उत्तरेकडच्या संघांनी आपले काळे खेळाडू घरी ठेवायचे, असा अलिखित करार वर्षानुवर्षं चालत आला होता. त्याला "सभ्य माणसांचा करार" म्हणायचे. सभ्य!

डॉन्सपर्यंत निरोप आला तो हाच. बाउलला यायचंय? मॅटसन आणि टोलरला मागे ठेवा. खेळाडूंनी पुढे सांगितलेल्या आठवणींत तपशील थोडे इकडेतिकडे होतात, पण उत्तर सगळ्यांच्या आठवणीत एकच आहे: नाही. त्यावर वाद झाला नाही, कुणाची मनधरणी करावी लागली नाही.

त्या "नाही"च्या मागे कोण होतं ते बघा. जिनो मार्केटी, जो कॉलेजला येण्याआधी दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत लढून आला होता. बॉब सेंट क्लेअर, सहा फूट नऊ इंचाचा. हे दोघे आणि मॅटसन, एकाच कॉलेज संघातले तिघे, पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. आणि या सगळ्यांची बातमी देशभर पोचवायची धडपड करणारा कॉलेजचा प्रसिद्धीप्रमुख होता पीट रोझेल, जो 1960 मध्ये एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या लीगचा, कमिशनर (प्रमुख) झाला. एवढी माणसं हाताशी असूनही एक आमंत्रण मिळालं नाही.

ऑरेंज बाउलला गेले जॉर्जिया टेक आणि बेलर. शुगरला मेरीलँड आणि टेनेसी. गेटरला मायामी आणि क्लेम्सन. सहाही संघ फक्त गोऱ्यांचे.

कुणीतरी म्हणेल, डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. होते काही, दोन तर लष्करी तळांचे संघ होते. असोसिएटेड प्रेसच्या अखेरच्या क्रमवारीत ते चौदावे होते, पहिले नव्हे. शिवाय ती अट घालणारं अधिकृत पत्र दाखवा म्हणाल, तर असे करार कागदावर करत नसतात. एवढं मान्य करतो, याहून जास्त नाही.

"तेव्हा काळच तसा होता" हे मात्र अजिबात मान्य नाही. डॅलसही दक्षिणेतलंच. तिथे 1948 च्या कॉटन बाउलमध्ये पेन स्टेट संघ वॉली ट्रिपलेट आणि डेनी हॉगर्ड या दोन काळ्या खेळाडूंना घेऊन उतरला आणि सदर्न मेथडिस्टशी 13-13 बरोबरीत खेळला. आभाळ कोसळलं नाही. त्याआधी 1946 मध्ये मायामी विद्यापीठाने अशीच अट घातली, तेव्हा पेन स्टेटने तो सामनाच रद्द केला होता. म्हणजे काय करता येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. समित्यांनी जे केलं ते ठरवून केलं.

आणि काळ कसा होता ते मी सांगतो. त्याच हंगामात, 20 ऑक्टोबर 1951 ला, ओक्लाहोमा ए अँड एमच्या मैदानावर ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइटचा जबडा फोडला गेला. चेंडू त्याच्याकडे नव्हता. तो दुसऱ्याला देऊन ब्राइट मागे उभा होता, तेव्हा विल्बँक्स स्मिथने त्याच्या तोंडावर प्रहार केला. तेव्हा बहुतेकांच्या हेल्मेटला पुढे जाळी नसे. जबडा मोडल्यावरही ब्राइटने 61 यार्डांचा टचडाऊन पास फेकला. डे मॉइन रजिस्टर या वृत्तपत्राच्या छायाचित्रकारांनी तो हल्ला टप्प्याटप्प्याने टिपला, त्यांना पुलित्झर हा पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला. ड्रेक ज्या परिषदेत, म्हणजे कॉलेज संघांच्या गटात, खेळायचं त्या परिषदेने कारवाई काहीच केली नाही, म्हणून ड्रेक त्या परिषदेतून बाहेर पडलं. सांगा, इथे राजकारण कुणी आणलं? जबडा मोडलेल्या पोराने?

डॉन्सच्या "नाही"ची किंमत फार मोठी होती. फुटबॉल विभाग तोट्यात होता, सुमारे 70,000 डॉलरच्या. दोन-दोन वेगळे संघ, आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक, बाळगायची मुभा नियमांनी दिली होती, पण लहान कॉलेजांना त्याचा खर्च झेपत नव्हता. त्यातच केझारवर 1946 पासून फोर्टीनाइनर्स हा शहरातला व्यावसायिक संघ खेळत होता, प्रेक्षक तिकडे. बाउलचा पैसा आला असता तर एखाददोन वर्षं निघाली असती. आला नाही, आणि त्या हंगामानंतर कॉलेजने फुटबॉलच बंद केला. सेंट मेरीज कॉलेजने त्याआधीच केला होता, लॉयोलाने त्याच वर्षी केला, म्हणजे आज ना उद्या हे झालंच असतं, हेही खरं असेल. पण त्या पोरांना "नाही" म्हणताना आपला संघ डबघाईला आलाय याची कल्पना होती. सेंट क्लेअरचं एक वर्ष शिल्लक होतं, ते त्याला टल्सा विद्यापीठात जाऊन खेळावं लागलं.

लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा गोऱ्या खेळाडूंच्या मोठेपणावर थांबतात. मोठेपणा होताच. पण ज्यांना मागे ठेवा म्हटलं गेलं, त्या दोघांना आपल्यामुळे मित्रांची संधी हुकतेय हे बघत बसावं लागलं, त्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. मॅटसनने 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 400 मीटरला कांस्य आणि 4×400 रिलेत रौप्य मिळवलं, वर एनएफएलची कारकीर्द. टोलरचं तसं झालं नाही. 1952 च्या कॉलेज ऑल-स्टार सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि व्यावसायिक कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. त्याने शिक्षकी पत्करली, सॅन फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक झाला. 1965 मध्ये एनएफएलने त्याला पंच म्हणून घेतलं, त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच. जानेवारी 1980 मध्ये सुपर बाउलमध्येही, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, तो मैदानावर होता, नियम पाळायला लावणाऱ्यांमध्ये.

विद्यापीठाने त्या संघाला मानद डॉक्टरेट दिली 2006 मध्ये. टोलर तेव्हा हयात होता, 2009 मध्ये गेला. मॅटसन 2011 मध्ये. पुढच्या वेळी "खेळात राजकारण नको" लिहाल तेव्हा ते बाउल समित्यांना उद्देशून लिहा, मी पहिला लाइक करीन.