गुप्तचरांना हिशेब विचारला की गुपितं फुटतात?

भुसावळपासून नंदुरबारपर्यंत व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. गुप्तचर संस्थांवर स्वतंत्र देखरेख जगात कुठेच नसते, ती मागणं म्हणजे शत्रूच्या हाती किल्ली देणं, आणि आपली संसद आहेच की!

‘कुठेच नसते’ हे धडधडीत खोटं. ब्रिटनमध्ये १९९४ पासून खासदारांची समिती आहे, अमेरिकी सिनेटची १९७६ पासून. ऑस्ट्रेलियाने १९८६ च्या कायद्याने स्वतंत्र महानिरीक्षकच नेमला. तो चौकशीत कागद मागवतो, शपथेवर जबाब घेतो.

किल्लीचं म्हणाल तर रावेरकडे केळीचा काटा तपासायला वैधमापनचा निरीक्षक येतो, तो काटा बघतो. माल कुणाला काय भावाने गेला हे गावभर सांगत नाही. महानिरीक्षकाचंही तसंच. त्यातून ऑस्ट्रेलियाची मूल्यमापन संस्था हेर पाठवत नाही, आलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढून पंतप्रधानांना देते. तिथे धोका गुपित फुटण्याइतकाच साहेबांना आवडेल तेच लिहिण्याचा. म्हणून निष्कर्ष काय काढायचा हे तिच्या प्रमुखाला कुणी सांगू शकत नाही, असं तिथला कायदाच म्हणतो. पण तो पाळला जातो की नाही, हे बाहेरच्या कुणीतरी बघायला नको? इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत, या निष्कर्षामागचा पुरावा तोकडा आणि संदिग्ध होता, हे २००४ साली ऑस्ट्रेलियात फिलिप फ्लड यांनी केलेल्या सरकारी चौकशीतून लोकांसमोर आलं. देखरेख असूनही ती चूक टळली नाही, हे खरं. फॉरवर्डवाल्या भाऊंनी हा मुद्दा काढला असता, तर वाद घालायला मजा आली असती.

आपल्याकडेही के. सुब्रह्मण्यम समितीने कारगिलनंतर गुप्तचर यंत्रणेच्या उणिवा लिहिल्या. नाजूक भाग गाळून तो अहवाल २००० मध्ये संसदेसमोर आला. कोणती किल्ली गेली?

राहिली संसद. देशातली माहिती काढणाऱ्या आयबीचं मूळ १८८७ चं, परदेशातली काढणारी रॉ १९६८ ची. दोन्हींपैकी एकही संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली नाही. माहिती अधिकारातूनही त्या वगळलेल्या, अपवाद फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या तक्रारींचा. गुप्तचर संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी खासदार मनीष तिवारींनी २०११ मध्ये खासगी विधेयक आणलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार मिळून आपले चार खासदार. रॉच्या कामाची झडती घेणारी संसदेची समितीच नाही, तर ते बसणार कुठे आणि विचारणार कुणाला?