आई 'ए', वडील 'बी', मूल 'ओ': बारावीच्या पेपरानंतर फिरणाऱ्या 'उत्तरसूची'ला उत्तर

बारावीचा जीवशास्त्राचा पेपर सुटला की संध्याकाळपर्यंत मुलांच्या ग्रुपांवर एक मेसेज येऊन पडतो. वर लिहिलेलं असतं, 'सरांनी तपासलेली उत्तरं, ताडून पाहा'. कोणते सर, ते कुठेच नाही. त्यातले दावे असे: एमसीक्यूला (पर्यायांतून उत्तर निवडायच्या प्रश्नाला) नुसतं अक्षर लिहिलं तरी गुण पक्का. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र वेगळ्या उत्तरपत्रिकांत लिहिलं नसेल तर पेपर बाद. आई 'ए', वडील 'बी' आणि मूल 'ओ' रक्तगटाचं देऊन त्यांच्या जनुकांच्या जोड्या विचारणारा प्रश्न होता; तसं मूल होणं अशक्य, म्हणून तो प्रश्नच चुकीचा आणि बोर्ड सगळ्यांना गुण देणार. घरात असं असेल तर 'समजून जा'. भ्रूणपोष (बीजातला अन्नसाठा) द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेला. 50 रुपये भरले की बोर्ड पेपर पुन्हा तपासतं. आणि 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणाऱ्यांनी बारावीच्या गुणांची काळजी सोडावी.

यातलं 'समजून जा' माझ्या भाचीच्या वर्गातल्या एका मुलीने वाचलं आणि घरी जाऊन आईला विचारलं, 'मी तुमचीच ना?' बाकीच्या चुकांनी एखाद-दुसरा गुण जाईल. ही चूक घरात शिरते, म्हणून आधी तिचंच बघू.

'ए' रक्तगट दोन प्रकारे येतो: दोन्ही जनुकं 'ए'ची असतील तर, किंवा एक 'ए'चं आणि एक 'ओ'चं असेल तर. 'बी'चंही तसंच. 'ओ'च्या जनुकामुळे कोणतंच अँटीजेन (रक्तपेशीवरची गट ठरवणारी खूण) तयार होत नाही, त्यामुळे ते 'ए' किंवा 'बी'च्या शेजारी असलं तरी रक्ततपासणीत दिसत नाही. आई 'ए-ओ' आणि वडील 'बी-ओ' असतील तर आईच्या बीजांडात 'ए' किंवा 'ओ' येणार, वडिलांच्या शुक्राणूत 'बी' किंवा 'ओ' येणार. चार जोड्या होतात: 'ए-बी', 'ए-ओ', 'बी-ओ', 'ओ-ओ'. म्हणजे एबी, ए, बी, ओ हे चारही गट, प्रत्येकाची शक्यता 25 टक्के. मूल 'ओ' असेल तर त्याने आईकडून एक 'ओ' आणि वडिलांकडून एक 'ओ' घेतलेला आहे, इतकंच त्यावरून सिद्ध होतं. प्रश्न चुकीचा तर नाहीच, उलट प्रकरण समजलंय की नाही हे पाहायला याहून सरळ प्रश्न सापडणं कठीण.

मेसेज लिहिणारा कुठे घसरला तेही उघड आहे. त्याने आई 'ए-ए' आणि वडील 'बी-बी' धरले. तसं धरलं तर सगळी मुलं एबी येतात आणि 'ओ'ला जागाच राहत नाही. पण प्रश्नात रक्तगट दिलेला असतो, जनुकांची जोडी नव्हे. ती मुलावरून मागे जात काढायची असते. 'ओ' मूल म्हणजे 'ओ-ओ', म्हणून दोन्ही पालकांत एकेक 'ओ' असलाच पाहिजे, आणि मग त्यांच्या जोड्या आपोआप ठरतात. आईकडचे आजी किंवा आजोबा 'ओ' गटाचे असतील तर 'ए' गटाची आई 'ए-ओ' असणार, हे घरच्या घरी कळतं. दोन आरएच पॉझिटिव्ह पालकांचं मूल निगेटिव्ह येतं तेही याच हिशोबाने.

उत्तर लिहिताना पालकांचे रक्तगट, खाली जनुकांच्या जोड्या, गोलात युग्मकं (बीजांड आणि शुक्राणू), मग पनेट स्क्वेअर (जोड्या मांडायचा चौकोन) आणि शेवटी मुलाचा रक्तगट, असा क्रम ठेवा. बरीच मुलं चौकोन भरून 1:1:1:1 लिहितात आणि थांबतात. विचारलेला जनुकप्ररूप, म्हणजे जनुकांची जोडी, लिहायचाच राहतो. 25 टक्के ही दर मुलामागची शक्यता आहे. चार मुलांत एक 'ओ' हवाच, असं लिहिलं तर तेही चूक.

आता मेसेजच्या बाजूने जेवढं खरं आहे तेवढं मान्य करतो. एका पालकाचा गट एबी असेल तर मूल 'ओ' होत नाही, हे सर्वसाधारणपणे बरोबर आहे, आणि बोर्डाच्या पेपरात हेच लिहायचं. पण यालाही अपवाद आहे, आणि तो सापडला मुंबईतच. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो मांडला. तोच 'बॉम्बे' रक्तगट. ए आणि बी ही अँटीजेन 'एच' नावाच्या पदार्थावर चढतात. एबीओचं जनुक गुणसूत्र 9 वर आहे, 'एच'चं 19 वर. दोन्ही स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जातात. आई आणि वडील दोघांकडूनही 'एच'चं निकामी जनुक आलं तर 'एच' तयारच होत नाही. मग अंगात 'ए' किंवा 'बी'चं जनुक असूनही रक्तात ते दिसत नाही आणि नेहमीच्या तपासणीत गट 'ओ' येतो.

म्हणजे असं समजा की वडिलांचा अहवाल 'ओ' म्हणतो, पण ते बॉम्बे गटाचे आहेत आणि त्यांच्यात 'बी'चं जनुक आहे. आई साधी 'ओ'. आईकडून 'एच'चं चालू जनुक आणि वडिलांकडून 'बी' मिळालं की मूल 'बी' होऊ शकतं. मेसेजच्या तर्काने हे 'अशक्य', आणि तरी ते मूल त्याच दोघांचं. 'ओ' दिसणारा माणूस खरोखर 'ओ' आहे का, हे अँटी-एचने ('एच' ओळखणाऱ्या द्रावणाने) किंवा उलट तपासणीने कळतं. उलट तपासणीत त्याचा सीरम 'ओ' गटाच्या पेशींबरोबर ठेवतात. बॉम्बे गट असेल तर गुठळ्या दिसतात, कारण त्याच्या रक्तात 'एच'विरुद्धचं प्रतिपिंड, अँटी-एच, असतं. म्हणूनच अशा रुग्णाला साधं 'ओ' रक्तही चालत नाही, बॉम्बेच लागतं.

शिवाय घरातल्या कार्डावरचा गट अनेकदा शिबिरातल्या स्लाइडवर ठरवलेला असतो. ती दोन मिनिटांच्या आत वाचायची असते; थेंब कडेने सुकला की सुकण्यालाच गुठळी समजलं जातं. रीएजंट (तपासणीचं द्रावण) थंड ठेवलं नसेल तर खरी गुठळी दिसत नाही. गट जुळत नसेल तर पहिलं काम रक्तपेढीत ट्यूब पद्धतीने पुन्हा तपासणी. पालकत्व ठरवायला डीएनए चाचणी असते, बारावीचा पनेट स्क्वेअर नव्हे.

'प्रश्न चुकला की सगळ्यांना गुण' हेही सरसकट नाही. 2023 च्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात खरोखर छपाईची चूक होती आणि बोर्डाने 6 गुण द्यायचं ठरवलं, पण त्या प्रश्नाला हात लावल्याची खूण उत्तरपत्रिकेत असलेल्यांनाच. तेव्हा 'चुकीचा आहे' असं कोणी सांगितलं म्हणून प्रश्न कोरा सोडू नका.

एमसीक्यूबद्दलचा दावा तर प्रश्नपत्रिकेवरच्या छापील सूचनेच्या थेट विरुद्ध आहे. अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहिणं सक्तीचं आहे. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण नाही. पहिलाच प्रयत्न धरतात, म्हणून खोडून पुन्हा लिहिलेलं उत्तर उपयोगाचं नाही. असे दहा प्रश्न आहेत, दहा गुणांचे. ताडून पाहायचंच असेल तर आधी हे पाहा. वेगळ्या उत्तरपत्रिकांची अट जुन्या, 35-35 गुणांच्या विभागांच्या काळातली. आता 70 गुणांचा एकच पेपर आहे, ए ते डी विभागांचा.

भ्रूणपोष द्विगुणित नाही. दोन ध्रुवीय केंद्रकं आणि एक नर युग्मक मिळून तो त्रिगुणित होतो. मुळाच्या टोकाच्या पेशीत 24 गुणसूत्रं दिली असतील तर युग्मकात 12 आणि भ्रूणपोषात 36. प्रश्नात 24 हा आकडा युग्मकाचा असेल तर भ्रूणपोषात 72. दोघांची उत्तरं जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा एकाने 24 कशाचे हे वाचलेलं नसतं. पाइनसारख्या अनावृतबीजी वनस्पतींत भ्रूणपोष फलनाआधीच तयार होतो आणि एकगुणित असतो. तिथला नियम इथे आणू नका.

नीटच्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण धरत नाहीत, हे खरं. पण एमबीबीएसच्या पात्रतेसाठी पूर्वी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागत, आणि आताही या विषयांत बारावी उत्तीर्ण असावंच लागतं. नीटला चांगले गुण मिळवूनही इथे अडकता येतं.

राहिले 50 रुपये. ती फी गुणपडताळणीची. त्यात बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का एवढंच पाहतात; दिलेला गुण बदलत नाहीत. उत्तराला गुण कमी दिले असं वाटत असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते, तिचे 400 रुपये, आणि मग पुनर्मूल्यांकन, त्याचे 300, सगळं प्रति विषय. छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांच्या मुदतीत अर्ज करायचा असतो, म्हणून ती हातात येताच विषयशिक्षकांकडे न्या. पुरवणी मोजली आहे का, आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठावर तसेच उतरले आहेत का, आणि बरोबर लिहिलेल्या उत्तरापुढे शून्य आहे का, या तीन गोष्टी त्यांच्यासोबत पाहून मगच पैसे भरा.