एमएच पासिंग गाडी आणि माझी अक्कल : एका प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीहून लिहिणारे महोदय, सप्रेम नमस्कार.

‘कोल्हापूरची जुनी गाडी बेळगावात स्वस्त पडते का?’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. शेवटी आपण ‘उत्तराची अपेक्षा नाही’ असे लिहिले आहे. तरीही उत्तर देतो, कारण ती प्रतिक्रिया इतरांनीही वाचली असून काहींनी तिच्याखाली हसरे चेहरे काढून ठेवले आहेत.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कागल-कोल्हापूरकडची एमएच पासिंगची गाडी वीस-पंचवीस हजारांनी स्वस्त दिसली, तरी ती इथे बेळगावात आणून कर्नाटकाचे केए पासिंग करून घेईपर्यंत लाइफ टॅक्स (गाडीचा एकरकमी रस्ता कर), एनओसी (मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र), एजंट आणि हेलपाटे यांत तो फायदा जिरून जातो, असे मी लिहिले होते. यावर आपले म्हणणे असे, की मी लोकांना कागदांची भीती घालतो. आपल्या मामांच्या नावावरची एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी तीन वर्षे आपण निपाणीत बिनबोभाट चालवत आहात. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मिळतो हे मी ‘लपवले’. राज्य बदलले तरी तोच नंबर चालतो त्या भारत (बीएच) मालिकेचे नावही घेतले नाही. एनओसीच्या अर्जाचा क्रमांक चुकवला. आणि ‘ज्याने जन्मात एकच गाडी घेतली त्याने दुसऱ्याला व्यवहाराची अक्कल शिकवू नये.’

अर्जाचा क्रमांक चुकला, हे मान्य. एनओसीसाठी फॉर्म २८ लागतो. मी २९ लिहिले होते, तो मालकी बदलल्याचे कळवण्याचा. काल रात्रीच दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी ती मान्य करतो, एवढे यावरून आपल्या ध्यानात यावे.

आता अक्कल. मी जन्मात एकच गाडी घेतली, ही माहिती आपल्याला कोणी दिली ते कळायला मार्ग नाही. माझे वडील बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला होते. १९९७ साली त्यांनी आणि माझ्या काकांनी निम्मे-निम्मे पैसे घालून एक जुनी मारुती ८०० घेतली, आणि ती एक आठवडा अनगोळला आमच्या दारात व एक आठवडा शहापूरला काकांच्या दारात उभी असे. पेट्रोल कोणी किती घातले याची वही माझ्याकडे होती. उतार आला की काका इंजिन बंद करून गाडी सोडत, आणि त्या बचतीचे पेट्रोल वहीत आपल्या नावावर जमा करायला लावत. व्यवहार म्हणजे काय, हे मी त्या वहीवर शिकलो. त्यानंतर २०११ मध्ये सँट्रो आणि २०१९ मध्ये आता दारात असलेली वॅगनआर. म्हणजे तीन गाड्या झाल्या. स्कूटर मी मोजलेली नाही.

त्यांतली सँट्रो कोल्हापूरची होती, हे मुद्दाम सांगतो, कारण जे भोगले नाही त्यावर मी लिहीत नाही. २००६ ची गाडी साडूंच्या शेजाऱ्यांकडून १ लाख ९० हजारांना घेतली. तशीच गाडी इथे २ लाख १५ हजारांना सांगत होते. पंचवीस हजार वाचवले म्हणून घरी पेढे आणले. मग कळले, की मूळ मालकाने कर्ज फेडले होते, पण आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, बँकेचा बोजा उतरवलाच नव्हता. त्यासाठी फॉर्म ३५ वर बँकेची सही हवी होती, आणि सही करणारे अधिकारी रजेवर होते. एनओसी हातात पडेपर्यंत जुलै उजाडला. इथल्या आरटीओत चेसिस नंबरचा ठसा मागितला. भर पावसात बॉनेट उघडून, इंजिनामागच्या पत्र्यावरचे तेल रॉकेलच्या फडक्याने पुसून, एजंटाचा पोरगा पातळ कागद धरून त्यावर शिसपेन्सिल घासत होता आणि मी त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. एका आकड्यात गंज बसला होता. तो तीन की आठ यावर दोन टेबलांवर चर्चा झाली आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी परत बोलावले. लाइफ टॅक्स ३१ हजार, एजंट ४ हजार, आणि कोल्हापूरच्या चार फेऱ्या. तिकडच्या कराचा परतावा मी मागितला नाही, त्याची फाइल अजून कपाटात आहे, पण तो मुद्दा वेगळा.

अशा माणसाला आपण अक्कल काढून दाखवता. मतभेद मला चालतात. परंतु ‘आपला अनुभव मर्यादित दिसतो’ असे लिहिता आले असते, आणि त्यात आपले काहीही उणे झाले नसते. ‘लपवले’ या शब्दाचेही तेच. एखादी गोष्ट लेखात राहून जाते, आणि एखादी लपवली जाते. यांतला फरक व्यापार करणाऱ्या माणसाला मी सांगावा असे नाही. परताव्याने माझे गणित थोडेफार हलेल, हलू दे. गाडी इथे नोंदवून झाल्याचे कागद घेऊन पुन्हा तिकडच्या कार्यालयात किती जण जातात, ते आपणच आपल्या ओळखीत विचारून पाहा.

भारत मालिकेविषयी एका वाक्यात सांगतो. २०२१ साली आलेली ती सोय संरक्षण दलांतील व सरकारी नोकरांसाठी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांतील नोकरांसाठी आहे, निपाणीत स्वतःची पेढी असलेल्या आपल्यासारख्या गृहस्थांसाठी नाही.

राहिली मामांची गाडी. ‘तीन वर्षांत कोणी विचारले नाही’ हा आपला पुरावा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि तुम्ही तीन वर्षांचा आकडा स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे. विचारले नाही म्हणजे चालते असे धरायचे, तर मग राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे पेट्रोल स्वस्त म्हणून ते कर्नाटकात भरायचे आणि कर पलीकडे कमी म्हणून गाडी महाराष्ट्राची ठेवायची, ही युक्ती सुचायला फार अक्कल लागत नाही. पाच ते दहा लाखांच्या पेट्रोल गाडीला तिकडे ११ टक्के आणि इकडे १४ टक्के व वर उपकर, हा फरक मलाही बोचतो. कर्नाटकाचा कर जास्त आहे, हे मी लेखात लिहिलेच होते. तेवढे वाक्य आपल्या नजरेतून सुटले असावे.

आणि गाडी अजून मामांच्या नावावर आहे, ही गोष्ट मला कलम ४७ पेक्षा गंभीर वाटते. गाडी विकली किंवा देऊन टाकली, पण आरसीवरचे नाव बदलले नाही, तर अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणून नोंदणीत नाव असलेलाच माणूस धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. उद्या आपल्या हातून हायवेवर काही घडले, विम्याने काही कारणाने हात वर केले, तर नोटीस कोल्हापुरात मामांच्या दारात जाईल. मामांना हे माहीत आहे का, हे आपल्या प्रतिक्रियेत कुठे आले नाही.

नाव बदलायचे ठरले तर फॉर्म २९ आणि ३० लागतील, आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीला १४ दिवसांत कळवावे लागेल. मामांच्या विम्यावरचा नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळणार नाही, तो त्यांच्याच नावे राहतो. चेसिस नंबरचा ठसा काढायचा झाला तर तो पावसाळ्याआधी काढा. या वेळचे क्रमांक मी दोनदा तपासून लिहिले आहेत.