नाव सांगा, आकडा नंतर

“एचबीएवनसी सांगितल्याशिवाय कसला परिचय?” पायरीवर टेकायच्या आधीच नाना सुरू झाले. “आकडा सांगायचा नसेल तर मेळाव्याला यायचंच कशाला?”

एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा. मधुमेह असलेल्यांचा रविवारचा मेळावा आटोपून आम्ही नेहमीच्या जागी आलो होतो. आयर्विन पुलाकडं जाणारा रस्ता, बंद पडलेल्या सायकल दुकानाची पायरी, शेजारी मंगलकाकूंची चहाची गाडी. परिचय करून देताना आकडा सांगायचाच का, यावरून नाना आणि मंगलकाकूंचं जुंपलं होतं. हॉलमध्ये बाकी काय झालं ते एव्हाना सगळ्या सांगलीला ठाऊक झालंय, परत उगाळत नाही. मी मंगलकाकूंच्या बाजूचा आहे, हे मात्र आधीच सांगतो.

“नाना, तुम्ही सात मिनिटं बोलला,” मास्तर म्हणाले. “कारल्याचा रस झाला, जांभळाच्या बियांची पूड झाली, पहाटे साडेपाचचं फिरणं झालं. नाव सांगायचं तेवढं राहिलं.”

“मला कोण ओळखत नाही?”

“आणि तुम्ही सांगितलेला तो ६.८ चा आकडा कुठल्या सालचा?” काकूंनी चहा गाळता गाळता विचारलं.

नाना जरा थांबले. “झाली असतील दोन वर्षं. पण माझ्या दिनचर्येत काय फरक पडलाय?”

“हा आकडा रक्तातल्या तांबड्या पेशींवरून काढतात, आणि त्या जगतातच १२० दिवस,” मास्तर म्हणाले. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, खडू नसला तरी हात हवेत फिरतो. “तुमच्या रिपोर्टातल्या पेशींची दोन वर्षश्राद्धं झाली नाना.”

पण वाद पेटला तो मेळाव्याला पोराला घेऊन आलेल्या एका बाईंवरून. उठल्या, मुलाचं नाव सांगितलं, वय नऊ, टाइप वन मधुमेह, दिवसाला इन्सुलिनच्या चार सुया. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “आम्ही त्याला गोड फारसं देत नव्हतो.” कुणी विचारलं नव्हतं. तरी पोलिसात जबानी द्यावी तसं त्यांनी ते सांगितलं. तेवढ्यात मागून आवाज आला, “चॉकलेटं चारली असतील.” त्या मटकन खाली बसल्या. पोरगं आईच्या तोंडाकडं बघत होतं. मला अजून ते दिसतंय.

“कोण बोललं ते कळलं नाही म्हणे,” सुऱ्या म्हणाला.

“कळलं की. नाना बोलले,” काकू म्हणाल्या.

“मी आपलं सहज…”

“सहज कसलं? ताप आलेल्याला कुणी विचारत नाही, काय पाप केलंस म्हणून. शुगर निघाली की जो तो पंचनामा करायला बसतो. काय खाल्लंस, किती खाल्लंस, कधीपासून खात होतीस.”

मास्तरांनी मग नानांचा तासच घेतला. टाइप वनमध्ये शरीराचे पहारेकरीच उलटतात आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकतात. चॉकलेटचा काडीचा संबंध नाही. शंभरावर वर्षांपूर्वी अशा पोरांना उपाशी ठेवून दिवस ढकलायचे, दुसरा इलाज नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिलं इन्सुलिन टोचलं. पहिली सुई सोसली नाही, औषध आणखी शुद्ध करून दिलं तेव्हा पोरगं सावरलं. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि बेस्ट यांची नावं सगळ्यांना माहीत असतात, पण ते शुद्ध करणारा कॉलिप होता, हे सांगताना मास्तरांचा आवाज दरवेळी चढतो. इन्सुलिनचं पेटंट त्यांनी टोरांटोच्या विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं.

“एका डॉलरला?” काकूंनी पातेलं खाली ठेवलं. “मग माझा महिन्याचा हिशेब कोण खातंय?”

त्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. नानांनी भडंगाचा पुडा पुढं सरकवला.

नाना हरत नसतात. “ते पोराचं सोडा. बाकीच्यांचं काय? जिभेवर ताबा नाही म्हणून होतो की नाही?”

“देशात १० कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे,” मास्तर म्हणाले. “आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा अभ्यास, २०२३ साली छापून आला. सगळ्यांची जीभ एकदम सुटली होय?”

“गोव्यात सगळ्यात जास्त, २६.४ टक्के. मी वाचलंय. उगाच नाही.”

“म्हणून तुम्ही दरवर्षी जाता काय पाहणीला?” सुऱ्या म्हणाला. नाना म्हणाले, मंगेशीच्या दर्शनाला जातो. मग कोण कुणाबरोबर कुठल्या साली गेलं होतं आणि गाडीच्या डिझेलचे पैसे कुणी अजून दिले नाहीत, यात दहा मिनिटं गेली.

सुऱ्याची गोष्ट वेगळी. वय चौतीस, गॅरेजवाला, अंगानं काटकुळा. तीन महिन्यांपूर्वी कळलं, ते आम्हां चौघांनाच माहीत. हॉलमध्ये रजिस्टर आलं तेव्हा त्यानं ‘सोबत आलेले’ या रकान्यात सही केली. मी शेजारीच होतो, बोललो नाही.

“माझ्या अंगावर चरबी कुठाय दाखवा,” तो म्हणाला. “मला कसा काय?”

मास्तरांना हेच हवं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा शेजारी शेजारी फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, तंतोतंत सारखा. पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडचा माणूस वरून सडपातळ दिसतो, आतून नसतो. पुण्याजवळच्या खेड्यांतली तान्ही बाळंसुद्धा तशीच निघाली, वजनाला कमी आणि चरबीला जास्त.

“म्हणजे मी लपलेला जाड्या,” सुऱ्या म्हणाला. हसला, पण लगेच गप्प झाला. “आत्यानं जयसिंगपूरचं स्थळ आणलंय. पुढच्या रविवारी बघायला जायचंय.”

“मग काय, लग्न झाल्यावर सांग,” नाना म्हणाले. “आधी कशाला वाच्यता?”

काकूंनी गॅस बारीक केला आणि पुढं आल्या. हॉलमध्ये त्यांचा परिचय सगळ्यात छोटा झाला होता. “मंगल. चहाची गाडी आहे. शुगरला चौदा वर्षं झाली. उजव्या पायाला अंगठा नाही.” एवढं बोलून बसल्या होत्या. शुगरनं पाय बधिर झाले होते. चपलेत बारीक खडी होती, दिवसभर टोचली, कळलंच नाही. रात्री फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. आता गाडीच्या फळीखाली हातभर आरसा असतो, गाडी बंद केली की तळवे त्यात बघून मग घरी.

“मी पण लपवलं होतं सुऱ्या. सासरी. गोळ्या देवघरामागं. नवरात्राचे उपास सोडायचे कसे, म्हणून उपास पण आणि गोळी पण. सातव्या माळेला आरतीत घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, जीभ जड. काय बोलत होते मलाच कळेना. सासूबाई म्हणाल्या, अंगात आलं.”

“अरे देवा,” मास्तर.

“सगळे पाया पडायला लागले! कुणी कुंकू लावतंय, कुणी विचारतंय पोराला नोकरी कधी लागेल. रक्तातली साखर पार उतरली होती. मला साखर पाहिजे होती रे, चमचाभर साखर. शेवटी शेजारची पोरगी, नर्सिंगला होती, तिनं प्रसादाच्या ताटातली खडीसाखर माझ्या गालात दाबली. पंधरा मिनिटांनी मी माणसात आले, तर सासूबाई म्हणतात, देवी गेली.”

नाना हसून हसून खोकायला लागले. सुऱ्या पण हसला, यावेळी खराखुरा.

“म्हणून सांगायचं असतं परिचय करून,” काकू म्हणाल्या. “आकड्यासाठी नव्हे. मी पडले तर शेजारच्यानं साखर द्यायची का उदबत्ती लावायची, हे त्याला माहीत पाहिजे. जयसिंगपूरच्या पोरीला पण माहीत पाहिजे. नाही म्हणाली तर नाही म्हणाली. पण तुझ्या सुया तिनं कपाटात शोधून काढू नयेत.”

सुऱ्यानं काही उत्तर दिलं नाही. भडंगातले शेंगदाणे वेचत बसला.

नानांबद्दल एक सांगायलाच हवं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, वीज नाही, फ्रीज बंद. काकूंच्या इन्सुलिनच्या बाटल्या नानांनीच आपल्या वरच्या मजल्यावर ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवल्या होत्या आणि सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवत होते. ते मडकं काकूंनी परत दिलं नाही, हे नाना सहा महिन्यांतून एकदा काढतातच. आजही काढलं.

“मडकं देते. आधी बोट द्या,” काकू म्हणाल्या. फळीखालून ग्लुकोमीटर काढला, नवी सुई लावली.

“माझी नॉर्मलच असणार. मी साखर बंद केलीय. गुळाचा चहा पितो फक्त.”

“रक्तात गेल्यावर गूळ आपलं गाव सांगत नाही नाना.”

टोचलं. थेंब पट्टीला लागला. पाच सेकंद सगळे यंत्रावर वाकलो. ४१२.

कट्टा एकदम शांत. मास्तर उठून उभे राहिले, सुऱ्या गाडीची किल्ली शोधायला लागला, नाना पांढरे पडले. काकूंनी मात्र नानांची बोटं धरून नाकाशी नेली.

“गुळाचा खडा खाल्लात काय आत्ता?”

“एवढासा. येता येता.”

“बोटं चिकट आहेत. गूळच मोजला यंत्रानं.” त्यांनी साबण दिला, तांब्यानं पाणी घातलं, हात नीट पुसायला लावले, दुसऱ्या बोटाला टोचलं. २३१.

नाना ताडकन उभे राहिले. “बघा! बघा! दोन मिनिटांत १८१ नं उतरली! कारल्याचा गुण!”

मास्तरांच्या हातातला ग्लास हिंदकळला. काकू गाडीला धरून हसत होत्या, हसता हसताच त्यांनी नानांच्या खिशात हात घातला आणि गुळाची पुडी काढून सुऱ्याकडं फेकली.

“हे तू ठेव. मी पडले तर उपयोगी येईल.”